मेन जेट बदलून फटके थांबत नाहीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मोटरसायकलला बाहेरचा सायलेन्सर बसवल्यावर कार्ब्युरेटर, म्हणजे इंजिनाला हवा-पेट्रोलचं मिश्रण पुरवणारा भाग, कसा सेट करावा, यावर आपल्या वाहन पुरवणीत आलेला लेख मी दोनदा वाचला. या विषयावर मराठीत कोणी सविस्तर लिहितं याचा आनंद झाला. पण त्यातल्या तीन वाक्यांखाली मी पेन्सिलीने रेघ मारली, आणि ती तशीच सोडून देणं मला जमलं नाही. नवा सायलेन्सर लावला की मेन जेट (ज्याच्या भोकातून कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल येतं तो पितळी तुकडा) दोन नंबरांनी वाढवावा, हे पहिलं. मिश्रण कमी-जास्त करणारा मिक्स्चर स्क्रू बाहेर काढला की पेट्रोल वाढतं, हे दुसरं. आणि इंजिनाला थोडा बॅक प्रेशर, म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराला अडथळा, लागतोच, हे तिसरं.

मी मेकॅनिक नाही. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून ३१ वर्षं काम करून निवृत्त झाले. मुलांनी बिघडवलेली उपकरणं दुरुस्त करणं हे त्यातलं मोठं काम होतं. गाड्यांचं वेड मात्र घरातलं, मोठ्या भावामुळे लागलेलं.

भावाकडे टू-स्ट्रोक मोटरसायकल होती. त्याने तिचा मूळचा सायलेन्सर काढून फुगीर पोटाचा एक्स्पान्शन चेंबर बसवला. गाडीचं पिकअप बदललं, तो खूश झाला, कार्ब्युरेटरला त्याने हात लावला नाही. गल्लीबोळात गाडी सुंदर चालायची. एकदा लांबच्या सरळ रस्त्यावर त्याने बराच वेळ ॲक्सिलरेटरची मूठ पूर्ण पिळून ठेवली आणि इंजिन जॅम झालं. मागचं चाक जागच्या जागी बांधल्यासारखं थांबलं. दोन बोटं कायम क्लचवर ठेवायची त्याची सवय होती, म्हणून तो वाचला. पिस्टन उघडून पाहिला तेव्हा धूर बाहेर जाण्याच्या वाटेच्या (एक्झॉस्ट पोर्टच्या) बाजूला ॲल्युमिनियम खरवडून सिलिंडरला चिकटलं होतं. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच आत जातं. मिश्रण लीन झालं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं, की इंजिन तापतं, आणि त्याच वेळी वंगणही कमी पडतं. त्या गाडीला मेन जेट वाढवण्याची खरोखर गरज होती आणि तोच वाढवला गेला नाही.

हे आधी सांगते, कारण पुढचं वाचून मी मेन जेटच्या विरोधात आहे असं कोणाला वाटू नये.

मागच्या वर्षी याच भावाच्या मुलाने, माझ्या भाच्याने, त्याच्या १५० सीसी फोर-स्ट्रोक गाडीला बाहेरचा सायलेन्सर बसवला. आठवड्याभरात माझ्याकडे आला. "आत्या, मूठ सोडली की सायलेन्सरमधून फट् फट् फटके मारते, आणि ट्रॅफिकमध्ये हळू चालवताना झटके देते." त्यावर उपाय म्हणून त्याने मेन जेट ११० चा ११५ केला होता. फटके थांबले नाहीत, म्हणून १२० केला. फटके तरीही तसेच. आता शिवाय गाडी जड झाली होती, जोरात पळवताना घुसमटत होती, आणि प्लग काढला तर काजळीने काळाकुट्ट. ऑइलची कांडी बाहेर काढून वास घेतला. पेट्रोलचा वास येत होता.

जेटचा नंबर पाच-दहाने वाढला म्हणजे फार काही झालं नाही असं वाटतं. त्या कार्ब्युरेटरमध्ये नंबर म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. ११० म्हणजे १.१० मिलिमीटर. पण पेट्रोल जातं ते क्षेत्रफळातून, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतं. ११० वरून १२० वर गेलं की ते १९ टक्क्यांनी वाढतं. इंजिनात येणारी हवा एका सायलेन्सरने १९ टक्के वाढत नाही. जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरची ऑइलचा पातळ थर धुऊन काढतं आणि पिस्टनच्या रिंगांच्या फटींतून खाली ऑइलमध्ये उतरतं. कांडीला वास येत होता तो त्याचाच. (काही कंपन्यांच्या जेटवर व्यासाऐवजी प्रवाहाचा नंबर असतो. म्हणून एका कंपनीचा ११० आणि दुसऱ्या कंपनीचा ११० एकच, असं समजू नये.)

मग मी त्याला पांढरी चिकटपट्टी आणायला सांगितली. लेखात ज्या गोष्टीचा उल्लेखच नाही, ती हीच.

कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल एकाच वाटेने येत नाही. मूठ बंद असताना आणि जेमतेम उघडली असताना ते पायलट जेट नावाच्या छोट्या जेटमधून येतं. साधारण पाव ते पाऊण उघडीपर्यंत सुई आणि ती ज्या नळीत वरखाली होते ती नळी, यांच्यातल्या फटीवर सगळं ठरतं. मेन जेटचं राज्य सुरू होतं पाऊण मूठ उघडल्यानंतर. त्याआधी मेन जेटचं भोक हे त्या वाटेवरचं सर्वांत अरुंद ठिकाण नसतंच. त्याच्यापेक्षा सुईभोवतीची फट अरुंद असते. चिंचोळ्या दरवाजामागचा मोठा दरवाजा आणखी रुंद केला म्हणून जास्त माणसं बाहेर पडत नाहीत. मूठ सोडल्यावर येणारे फटके आणि हळू चालवतानाचे झटके ही बंद ते पाव मुठीची तक्रार. त्यासाठी मेन जेट बदलणं म्हणजे गुडघा दुखतोय म्हणून चष्म्याचा नंबर बदलण्यासारखं आहे.

पण तक्रार नेमकी किती मुठीला येते, हे चालवणाऱ्याला अंदाजाने सांगता येत नाही. विचारलं तर भाचा म्हणाला, "अर्धी मूठ असेल." म्हणून पट्टी. मुठीच्या रबरावर एक रेघ, शेजारच्या न हलणाऱ्या स्विचच्या डबीवर पट्टी आणि पट्टीवर पाच खुणा: बंद, पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण. मग गाडी चालवायची, आणि त्रास झाला की मुठीची रेघ कुठल्या खुणेशी आहे ते बघायचं. भाच्याची "अर्धी" मूठ पट्टीवर पावसुद्धा नव्हती. गावात गाडी चालवताना बहुतेक वेळ आपण पाव मुठीच्या आतच असतो, हे त्यालाही त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

इथे एक बारकावा आहे. जुन्या धाटणीच्या कार्ब्युरेटरमध्ये मुठीची तार थेट स्लाइड (सुई जिला जोडलेली असते तो सरकता भाग) उचलते, त्यामुळे खुणा आणि सुई यांचा मेळ सरळ असतो. डायफ्रॅमच्या (पातळ रबरी पडद्याच्या), म्हणजे व्हॅक्यूमवर चालणाऱ्या कार्ब्युरेटरमध्ये मूठ फक्त झडप उघडते, आणि स्लाइड वर येते ती इंजिनाच्या ओढीप्रमाणे. अशा गाडीत पट्टीवरची खूण अदमासाने घ्यावी आणि इंजिनावर भार किती आहे हेही बघावं. भाच्याची गाडी याच प्रकारची. डायफ्रॅम उजेडासमोर धरून पाहिला, टाचणीएवढंही भोक नव्हतं. असतं तर सायलेन्सरला दोष देत आम्ही महिनाभर बसलो असतो.

आता फटक्यांबद्दल. मूठ एकदम सोडली की झडप बंद, सिलिंडरमध्ये हवा थोडी, आधीचा धूर जास्त, आणि जे काही मिश्रण आत येतं ते इतकं पातळ की ठिणगी पडूनही नीट पेटत नाही. ते न जळताच तापलेल्या पाइपात जातं. तिथे त्याला बाहेरची ताजी हवा मिळाली की ते पाइपातच पेटतं. तोच फट् आवाज. म्हणून कार्ब्युरेटरला हात लावण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न हा, की पाइपात ताजी हवा शिरतेय कुठून?

भाच्याच्या गाडीत ती बेंड पाइप (इंजिनातून निघणारा वाकडा पाइप) आणि सिलिंडर हेड यांच्या सांध्यातून शिरत होती. गाडी पूर्ण थंड असताना त्या सांध्यावर साबणाचं पाणी लावलं, इंजिन सुरू केलं, आणि पाइप तापण्याआधीच बुडबुडे दिसले. सायलेन्सर बदलताना सांधा घट्ट बसवणारी चकती, म्हणजे गॅस्केट, जुनंच परत वापरलं होतं. हे गॅस्केट एकदा दाबलं की दबतं, दुसऱ्यांदा तेवढं घट्ट बसत नाही. शिवाय दोन नटांपैकी एक पूर्ण आवळून मग दुसरा आवळल्यामुळे पाइप तिरका बसला होता. नवं गॅस्केट घातलं, दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळले. निम्मे फटके तिथेच गेले. कार्ब्युरेटर अजून उघडलाही नव्हता.

याच जोडीला आणखी काही तपासण्या पाच-दहा मिनिटांत होतात. कार्ब्युरेटर आणि हेड यांच्यामधलं रबर वाकवून भेगा बघाव्यात. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हजवळची ठरावीक फट, तपासावी, कारण एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा गॅप कमी असेल तरी फटके येतात. ज्या गाड्यांत धूर कमी करण्यासाठी एक्झॉस्टमध्ये हवा सोडणारी नळी असते, तिची झडप मूठ सोडल्यावर बंद व्हायला हवी. ती चिकटली असेल तर फटके येणारच. एअर फिल्टर स्वच्छ आणि मूळचाच असावा. सायलेन्सर आणि फिल्टर एकाच दिवशी बदलले, तर कशामुळे काय झालं हे कोणालाही सांगता येणार नाही. आणि हेही खरं, की काही फटके पूर्वीही होतच असतात. जुना, भारी सायलेन्सर ते गिळून टाकायचा, नव्यातून ते ऐकू येतात.

सांधे बंद झाल्यावर आम्ही मेन जेट परत ११० केला, म्हणजे जिथून सुरुवात झाली तिथे आलो. प्रयोगशाळेतली सवय म्हणून मी वही काढली. तारीख, एक बदल, एक फेरी, काय वाटलं. एका वेळी दोन बदल करायचे नाहीत यावर मी हटून बसले. भाचा वैतागला, पण त्याने ऐकलं.

आता लेखातल्या दुसऱ्या वाक्याकडे येते. मिक्स्चरचा स्क्रू दोन प्रकारचा असतो. स्क्रू जर कार्ब्युरेटरच्या इंजिनाकडच्या बाजूला असेल, तर तो तयार मिश्रण किती जाईल हे ठरवतो. तो बाहेर काढला की पायलटचं पेट्रोल वाढतं, लेखात म्हटलंय तसं. पण स्क्रू जर फिल्टरच्या बाजूला असेल, तर तो हवा ठरवतो. तो बाहेर काढला की हवा वाढते आणि मिश्रण लीन होतं, म्हणजे बरोबर उलटं. व्हॅक्यूमच्या कार्ब्युरेटरमध्ये बहुधा पहिला प्रकार असतो, जुन्या स्लाइडच्या कार्ब्युरेटरमध्ये दुसरा बराच दिसतो. माझ्या भावाच्या टू-स्ट्रोकचा स्क्रू फिल्टरच्या बाजूला होता. आधीच लीन झालेल्या त्या गाडीवर लेखातला उपाय कोणी केला असता, तर ती आणखी लीन झाली असती. हे वाक्य वाचून माझ्या पोटात गोळा आला तो यामुळे.

स्क्रू लावायची पद्धत अशी. आधी गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून इंजिन पूर्ण गरम करावं. गार इंजिनावर केलेलं सेटिंग गार इंजिनापुरतंच असतं. मग इंजिन बंद करून स्क्रू घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, मोजत मोजत, पूर्ण आत न्यावा. हलक्या हाताने, फक्त टेकेपर्यंत. त्याचं टोक सुईसारखं असतं, जोर केला तर ते भोकात रुततं किंवा मोडतं, आणि मग कार्ब्युरेटरच बदलावा लागतो. किती फेरे आत गेला तो आकडा लिहून ठेवावा आणि तेवढाच परत बाहेर काढावा. भाच्याच्या गाडीत तो पावणेदोन फेरे होता. मग इंजिन चालू ठेवून पाव-पाव फेरा फिरवावा, आणि प्रत्येक वेळी दहा सेकंद थांबावं, कारण इंजिनाला तो बदल पचायला वेळ लागतो. जिथे आयडलिंग (मूठ सोडलेली असताना इंजिनाचा वेग) सर्वांत वर जातं आणि आवाज गोल येतो, ती जागा बरोबर. त्यानंतर आयडलिंगचा वेगळा स्क्रू फिरवून आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) खाली आणावेत. आमची जागा अडीच फेऱ्यांवर आली. मूठ सोडल्यावर आरपीएम आधी वरच रेंगाळायचे, आता लगेच खाली येऊ लागले. उरलेले फटके जवळजवळ संपले. एखाददुसरा लांबच्या उतारावर अजून येतो, तेवढा मी खपवून घेते.

समजा इंजिनाच्या बाजूचा स्क्रू तीन फेऱ्यांच्याही पुढे काढावा लागला, तर पायलट जेट लहान पडतोय, तो एक नंबर वाढवावा. पाऊण फेऱ्याच्या आतच चांगलं चालत असेल तर पायलट मोठा आहे. फिल्टरच्या बाजूच्या स्क्रूला हाच नियम उलटा.

वहीतली पुढची नोंद पाव मूठ ओलांडतानाच्या अडखळण्याची आहे. पिकअप घेताना क्षणभर पोकळी यायची, कधी कार्ब्युरेटरमधून शिंकल्यासारखा आवाज. ही सुईची जागा. बऱ्याच सुयांना वरच्या टोकाला खाचा असतात आणि एका खाचेत क्लिप असते. क्लिप एक खाच खाली घेतली की सुई वर येते, फट वाढते, पेट्रोल वाढतं. हे बोलताना लोकांचा नेहमी गोंधळ होतो, "क्लिप वर की सुई वर", म्हणून वहीत मी दोन्ही लिहिते. भाच्याच्या सुईला खाचा नव्हत्याच, कारखान्याने एकच उंची ठरवून दिलेली. अशा वेळी सुईच्या डोक्याखाली अगदी पातळ वॉशर घालतात. आम्ही अर्ध्या मिलिमीटरचा घातला. पोकळी गेली. एक मिलिमीटरचाही घालून पाहिला. गाडी मधल्या मुठीत मंद झाली, म्हणून परत अर्ध्यावर आलो.

सर्वांत शेवटी मेन जेट. यासाठी पूर्ण मूठ लागते आणि रस्त्यावर ते धोक्याचं आहे, म्हणून मी मोकळा, लांब चढ निवडायला सांगितला. तिसऱ्या गिअरमध्ये चढावर पूर्ण मूठ उघडली तरी वेग आटोक्यात राहतो, आणि इंजिनावर भार मात्र पूर्ण येतो. नवा प्लग घालून चढ चढायचा, वर पोचताना मूठ तशीच ठेवून क्लच दाबायचा आणि त्याच क्षणी किल स्विच (इंजिन बंद करणारं बटण) दाबायचा. आयडलिंगवर आणून मग बंद केलं तर प्लगवर आयडलिंगचा रंग चढतो आणि सगळं वाया जातं. मग प्लग काढून आतल्या पांढऱ्या चिनीमातीचा तळ बघायचा. पांढराफटक आणि भाजल्यासारखा असेल तर लीन, काजळी असेल तर रिच (पेट्रोल जास्त), फिकट तपकिरी असेल तर ठीक. आताच्या पेट्रोलचा रंग पूर्वीइतका गडद उमटत नाही, म्हणून रंगाबरोबर गाडी कशी ओढते हेही लिहावं. ११० वर प्लग थोडा पांढरा आला. ११२ घातला. तपकिरी आला आणि चढावर गाडी मोकळी पळाली. ११० ते ११२ म्हणजे क्षेत्रफळात ३.७ टक्के वाढ. त्याने घातलेल्या १९ टक्क्यांशेजारी हा आकडा मी वहीत चौकटीत लिहिला आहे.

टू-स्ट्रोकवाल्यांनी मात्र हा शेवटचा टप्पा पहिला करावा, आणि नेहमी रिच बाजूने खाली यावं. मोठ्या जेटवरून एकेक नंबर कमी करत जावं. लीन बाजूने वर चढताना चूक झाली तर ती दुरुस्त करायला इंजिन शिल्लक राहत नाही.

बॅक प्रेशरचं वाक्य मी सगळीकडे ऐकते. त्यामागचा अनुभव खरा आहे: मोकळा सायलेन्सर लावला की काही गाड्यांचा खालच्या आरपीएमचा जोर कमी होतो. पण कारण वेगळं आहे. धुराला अडथळा होण्यात इंजिनाचा काही फायदा नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडताच दाबाची लाट पाइपातून निघते. पाइप जिथे एकदम मोकळा होतो तिथून ती उलटी, कमी दाबाची होऊन परत येते. इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह थोडे थोडे उघडे असतात त्या क्षणी ती पोचली, तर उरलेला धूर बाहेर ओढते आणि ताजं मिश्रण आत घेते. हा क्षण किती छोटा असतो बघा. ६००० आरपीएमला इंजिनाचा एक फेरा १० मिलिसेकंदांत होतो. दोन्ही व्हॉल्व्ह ४० अंश एकत्र उघडे असतील, तर तो वेळ जेमतेम १.१ मिलिसेकंद. पाइपाची लांबी आणि आतली रुंदी बदलली की लाट लवकर किंवा उशिरा येते. एका आरपीएमला फायदा, दुसऱ्याला तोटा. तोट्याच्या आरपीएमला धूर उलटा सिलिंडरमध्ये आणि कधी पार कार्ब्युरेटरपर्यंत ढकलला जातो. त्यामुळे कार्ब्युरेटरमधली हवा जेटवरून पुढे-मागे जाते आणि प्रत्येक वेळी पेट्रोल उचलते. म्हणजे मोकळ्या पाइपाने गाडी सगळीकडे लीनच होते असंही नाही, एखाद्या आरपीएमला ती रिचही होते.

याचा व्यवहारातला उपयोग हा, की सायलेन्सरचा दोष आणि जेटचा दोष वेगळे ओळखता येतात. जेटचा दोष मुठीबरोबर चालतो, सायलेन्सरचा आरपीएमबरोबर. कुठल्याही गिअरमध्ये, कितीही मूठ असली तरी गाडी एका ठरावीक आरपीएमलाच दबत असेल, तर तो पाइपाचा स्वभाव आहे. तो जेटने जात नाही, आणि घालवायला गेलात तर बाकीच्या ठिकाणचं चांगलं सेटिंग बिघडतं. भाच्याच्या गाडीत अशी एक जागा उरली आहे. त्या आरपीएमला तो गिअर बदलतो.

सायलेन्सरच्या आतली जाळी काढून आवाज वाढवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, की जाळी काढली की लाटा पुन्हा बदलतात आणि वरचं सगळं पहिल्यापासून करावं लागतं. भाच्याने काढली नाही. शेजाऱ्यांच्या झोपेच्या दृष्टीनेही मला तेच हवं होतं. मूळच्या सायलेन्सरमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) असेल, तर तो गेल्याने धूर अधिक घाण होतो, हेही मी त्याला स्पष्ट सांगितलं आहे. मूळचा सायलेन्सर कापडात गुंडाळून ठेवला आहे आणि तो कधी परत बसवावा यावर आमचं बोलणं अजून चालू आहे.

दोन छोट्या गोष्टी. जुन्या वह्यांमधले जेटचे नंबर आज तसेच वापरू नयेत. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला ती सुमारे १३.५ पट होते, म्हणजे त्याच जेटवर गाडी थोडी लीन चालते. आणि उंचावर नेमकं उलटं. १००० मीटरवर हवा सुमारे ९ टक्के विरळ, म्हणून सपाटीवर बरोबर लावलेली गाडी तिथे रिच वाटते. ते पाहून लगेच जेट बदलू नये.

जेट साफ करायला तार घालू नये, पितळ मऊ असतं आणि भोक मोठं होतं. आम्ही काढलेला ११० चा जेट नंबर लिहून पाकिटात, वहीच्या मागच्या कप्प्यात ठेवला आहे.

संपादक महाराज, माझं एवढं मोठं पत्र छापायला जागा नसेल हे मी समजू शकते. तसं असेल तर फक्त स्क्रूबद्दलचा खुलासा तरी पुढच्या अंकात द्यावा: इंजिनाच्या बाजूचा स्क्रू बाहेर काढला तर मिश्रण रिच होतं, फिल्टरच्या बाजूचा बाहेर काढला तर लीन. लेख कापून ठेवणारे वाचक असतात, मीही त्यांतलीच. तो कागद हातात धरून कोणीतरी गाडीशेजारी बसेल, त्याआधी हे छापलं जावं ही विनंती.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक